एकास बारा

एका नव्या इमारतीच्या दाराशी रॅम्प पाहिला. गुळगुळीत टाइल, घसरगुंडीसारखा उतार, वर ओळीने कुंड्या. दाखल्यापुरता बांधलेला. खरा रॅम्प कसा करतात ते बघावं म्हणून कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत गेलो. तिथे तळमजल्यावरचा एक फ्लॅट व्हीलचेअर वापरणाऱ्या ताईंसाठी बदलत होते.

प्रवेशाला सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या. म्हणजे फूटभर चढ, आणि त्याला बारा फूट लांबी. ‘एकास बारा,’ गवंडीमामा म्हणाले. दोन स्कूटरींची जागा जाणार म्हणून सोसायटीचे एक सभासद आले. ‘आठ फुटांत बसवा की!’ मामांनी थापी खाली ठेवली नाही. ‘एकास बारा म्हणजे एकास बारा. आठ फुटांत करतो, पण मग ताईंना रोज तुम्ही ढकला.’

खरी झटापट न्हाणीघरात. संडास आणि बाथरूममधली अर्ध्या विटेची भिंत पाडली, तेव्हा कुठे खुर्ची वळायला पाच फूट मोकळे मिळाले. दार रुंद केलं, बाहेर उघडणारं केलं; आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबरा काढला.

उंबरा गेला की पाणी अडवायचं कशाने? ‘उतार लागणारच, ताई,’ मामा म्हणाले. ‘मग माझी खुर्ची जाळीकडे पळते, मामा,’ ताई म्हणाल्या. पाणी जायची जाळी कोपऱ्यात ठेवली की लादी दोन दिशांनी तिच्याकडे कलते आणि खुर्चीचं एक चाक अधांतरी राहतं. मामा ओल्या सिमेंटच्या वासात बराच वेळ उकिडवे बसून राहिले. शेवटी मागच्या भिंतीलगत लांब जाळी घेतली; उतार एकाच दिशेला, अगदी हलका. आधाराच्या दांड्यांसाठी त्यांनी ताईंनाच खुर्चीवरून हात टेकायला लावला आणि तिथेच पेन्सिलीची खूण केली. हे कौशल्य मला कुठल्याही आराखड्यापेक्षा मोठं वाटलं.

नव्या इमारतीत हेच पहिल्यापासून केलं तर पाडापाडीचा खर्चच नाही. पण नियम ऐच्छिक असले की बिल्डर कुंड्या ठेवतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याखालचा सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशींसारखा आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी तो रद्द ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. बाथरूमचं दार 900 मिलिमीटर भरत नसेल, तर का नाही ते बिल्डरला तिथेच विचारा.