तेवीस ते तीस : जानेवारीतलं कॉलेज

२३ जानेवारीला नेताजींची जयंती. २४ला राष्ट्रीय बालिका दिन, २५ला राष्ट्रीय मतदार दिन, २६ला ध्वजवंदन, २८ला मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याची सांगता आणि ३०ला सकाळी अकराच्या ठोक्याला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या कला महाविद्यालयांत या आठ दिवसांची परिपत्रकं एकावर एक येऊन पडतात. त्याच सुमाराला गॅदरिंग, त्याच सुमाराला ‘डेज’, एकांकिकेच्या तालमी आणि एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिराची धावपळ. मग तास कधी होतात, असं पालक विचारतात. तास बहुतेक ठिकाणी सकाळी, लवकर उरकलेले असतात. गंमत सुरू होते ती त्यानंतर.

‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द आता मराठी घरांतही ऐकू येऊ लागला आहे. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र, थोडं विज्ञान, थोडी कला असं सगळं एकत्र शिकायचं, वर्गात वाद घालायचा, लिहायचं, बोलायचं. अमेरिकेत विल्यम्स (स्थापना १७९३) किंवा अ‍ॅमहर्स्ट (१८२१) ही त्याची जुनी ठाणी. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास आणि बहुतेक सगळे आवारातच राहणारे. आपल्याकडे पुण्याचं फ्लेम किंवा सोनीपतचं अशोका ही त्या वळणाची नवी विद्यापीठं. फी वर्षाला काही लाख. अनुदानित कॉलेजातल्या बीएची फी काही हजारांत भागते. तिथे वसतिगृह नसतं, हिरवळ नसते, प्राध्यापकाबरोबर दुपारचं जेवण तर नसतंच. पण या शिक्षणाचा गाभा पुस्तकाबाहेरच्या माणसांशी आणि प्रश्नांशी गाठ घालून देण्यात असेल, तर तो या कॉलेजांत नक्की मिळतो. फक्त तो वेळापत्रकात सापडत नाही, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सापडतो.

या भागातल्या कॉलेजांचं वय फार नाही. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाची स्थापना १९३५ची, पण मंडळाचं कॉलेज सुरू व्हायला १९६९ उजाडलं. चेंदणी बंदरावर खाडीलगत उभं राहिलेलं ते आवार आज जोशी-बेडेकर आणि बांदोडकर या नावांनी ओळखलं जातं. कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२चं. कल्याणच्या शेजारी उल्हासनगरात सिंधी समाजाच्या पुढाकारातून उभं राहिलेलं चांदीबाई कॉलेज त्याच्याही आधीचं, १९६५चं. डोंबिवलीत पेंढरकर आहे आणि केरळीय समाजाने चालवलेलं मॉडेलही आहे. त्याआधी इथल्या पोरांना बीए करायचं तर मुंबईची गाडी पकडणं आलं. म्हणजे ही कॉलेजं वयाने इथल्या वाचनालयांच्या नातवंडांसारखी: कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून.

गाडी मात्र सुटलेली नाही. कसारा, कर्जत, बदलापूर, टिटवाळा इथून मुलं येतात. कॉलेजातला कुठलाही कार्यक्रम किती वाजता संपवायचा हे शेवटी लोकलच ठरवते. साडेबाराची व्याख्यानं एक वाजता सुरू होतात आणि पावणेदोनला मागच्या रांगा हळूच रिकाम्या होऊ लागतात, कारण अनेकांना पुढे नोकरी असते. मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये, काकांच्या दुकानात. बाहेरून आलेल्या वक्त्याला हा अपमान वाटतो. तो गाडीचा मामला असतो.

‘डेज’बद्दल फार लिहायला नको. ट्रॅडिशनल डेला फेटे आणि नऊवारी, मिसमॅच डेला एका पायात चप्पल नि दुसऱ्यात बूट, आणि इन्स्टाग्रामवर दिवसभर त्याचेच फोटो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जी गर्दी नटून उभी असते तीच इथे जरा लहान प्रमाणात दिसते. नाकं मुरडणारे मुरडतात, पण आईची पैठणी पहिल्यांदा नेसून आलेल्या मुलीला त्या दिवशी समाजशास्त्राच्या पुस्तकातलं काही शिकवण्याची गरज नसते.

खरा ऐवज आहे तो एनएसएसच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. नियम साधा: दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, तेही दत्तक घेतलेल्या गावात. ठाणे जिल्ह्यातल्या कॉलेजांची ही गावं बरेचदा शहापूर, मुरबाड किंवा भिवंडी तालुक्यात असतात. डिसेंबर-जानेवारीत मुलं अंथरुणं बांधून एसटीने निघतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम टाकतात, पहाटे प्रभातफेरी काढतात, दुपारपर्यंत श्रमदान करतात. जेवणानंतर ‘बौद्धिक’, म्हणजे कुणा डॉक्टरचं, वकिलाचं किंवा सर्पमित्राचं भाषण. त्यात निम्मे डुलक्या घेत असतात, आणि ते क्षम्य आहे.

श्रमदानात ठरलेलं काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्याच्या प्रवाहात आडव्या रचत न्यायच्या. खर्च जवळजवळ शून्य, मेहनत भरपूर. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना थोडा आधार मिळतो, भाजीपाल्याचं एखादं पीक निघतं. पावसाळ्यात तो वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधावा लागतो. संध्याकाळी मुलं घराघरांत जाऊन पाहणी करतात: शौचालय आहे का, मुलगी कितवीपर्यंत शिकली, पाणी कुठून आणता.

इथे अर्थशास्त्राचा धडा आपोआप सुरू होतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि मुंबईची तहान त्यांच्यावर भागते. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. हे वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येतं आणि दरवर्षी विसरलं जातं. हंडा डोक्यावर घेऊन चढ चढलेली डोंबिवलीची मुलगी ते विसरत नाही. तिच्या नळाला येणारं पाणीही अशाच कुठल्या तरी तालुक्यातून आलेलं असतं. ‘संसाधनांचं असमान वाटप’ हा पेपरातला दहा गुणांचा प्रश्न तिने शिबिरात पाठीवर वाहिलेला असतो.

मतदार दिनाची गोष्ट जरा उपरोधिक आहे. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५०ची, म्हणून २०११ पासून तो दिवस साजरा होतो. सभागृहात मुलं उजवा हात पुढे करून शपथ घेतात. अठरा पूर्ण झालेल्यांकडून नमुना ६ भरून घेतला जातो. पूर्वी नाव नोंदवायला १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती; २०२२ पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीखही धरली जाते, त्यामुळे नवमतदाराला वर्षभर थांबावं लागत नाही. सगळं उत्तम. फक्त ही शपथ घेणारा विद्यार्थी स्वतःच्या कॉलेजात मत देऊ शकत नाही. महाविद्यालयीन निवडणुकांतल्या हिंसाचारानंतर १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, पण निवडणुका पुन्हा पुन्हा लांबणीवर पडल्या. देशाचा खासदार निवडायला पात्र असलेल्या तरुणाला वर्गप्रतिनिधी निवडायला अपात्र ठरवणं, हे या आठवड्यातलं सर्वांत मोठं नाटक आहे.

नाटकाचं म्हणाल तर ते त्याच रात्री असतं. चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई एकांकिका’ स्पर्धेची अंतिम फेरी २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपते. वर्षभरातल्या इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांनाच तिथे प्रवेश, म्हणून ‘सवाई’. ठाणे-डोंबिवलीच्या मुलांना रात्रभराची स्पर्धा सोयीची, कारण शेवटची गाडी गाठायची चिंता नाही. नाटक संपेपर्यंत पहाटेच्या गाड्या सुरू झालेल्या असतात. २०१४ पासून सुरू झालेल्या ‘लोकांकिका’ स्पर्धेत ठाण्याला स्वतंत्र केंद्र मिळालं, यावरूनच इथल्या कॉलेजांचं नाटकवेड कळतं. तालमी होतात त्या जिन्याखाली, रिकाम्या वर्गात, पार्किंगमध्ये, वॉचमन दिवे घालवेपर्यंत. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची विभागीय फेरी पावसाळ्यातच होऊन गेलेली असते. तिथे हुकलेली मंडळी जानेवारीत अधिक जिद्दीने उभी राहतात. त्यातला लेखक बहुधा तृतीय वर्षाचा, दिग्दर्शक पास होऊन गेलेला माजी विद्यार्थी, आणि नेपथ्य ठाण्याहून टेम्पोने नेलेलं.

पंधरवड्याची सांगता मात्र पुष्कळदा मिळमिळीत होते. ग्रंथदिंडी, काव्यवाचन, निबंध, मराठीत स्वाक्षरी करा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून भाषणांत त्याची भर पडली. यापेक्षा वर्गातच डोकावलं तर किती मराठी सापडतील! दिवा-डोंबिवलीच्या गावठाणांतली आगरी, मालवणी, खानदेशातून आलेली अहिराणी, शिवाय घरी मल्याळम, सिंधी किंवा भोजपुरी बोलून बाहेर फर्डं मराठी बोलणारी मुलं. भित्तिपत्रकावर एकदा फक्त ही बोलणी लिहून लावली, तर पंधरवड्याचं सार्थक होईल. पुस्तकांच्या बाबतीतही शहर कॉलेजांच्या पुढे आहे: डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदानप्रदान उपक्रमात लोक पिशव्या भरभरून जुनी पुस्तकं आणतात आणि दुसरी घेऊन जातात.

आता या सगळ्याला गुण मिळू लागले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना आली. तीत मुख्य विषय, दुय्यम विषय यांच्याबरोबर ‘सहअभ्यासक्रम’ असं एक खातं आहे. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सादरीकरणाच्या कला त्यात बसतात आणि त्यांचे श्रेयांक गुणपत्रिकेवर येतात. दुसरीकडे नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा हवा: अहवाल, हजेरीपत्रक आणि जिओटॅग केलेला फोटो. तीस जानेवारीच्या मौनाचाही फोटो काढावा लागतो. मौन पाळणाऱ्यांपैकी एकाने तरी मोबाइल हातात धरून ते मोडलेलं असतं.

श्रेयांक मिळावेत, हे योग्यच. इतकी वर्षं या मुलांचं काम ‘अवांतर’ म्हणून हिशेबाबाहेर राहिलं. धोका एवढाच की हजेरीसाठी आलेली पन्नास मुलं आणि आवडीने आलेली पाच मुलं कागदावर सारखीच दिसतात, आणि कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकाचा अर्धा जानेवारी अहवाल लिहिण्यात जातो. त्यात अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. शिबिरातले सात दिवस त्यांच्या कुठल्याच तासिकेत मोजले जात नाहीत.

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत निवृत्त डॉक्टर, बँकवाले, अभियंते, वकील, शिक्षक यांची वाण नाही. एनएसएसच्या युनिट्सना शिबिरासाठी गोण्या, औषधपेटी, एखादी जीप आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी मुलांशी बोलायला माणसं लागतात. जवळच्या कॉलेजात नोव्हेंबरमध्येच जाऊन एनएसएस कार्यक्रम अधिकारी कोण आहेत ते विचारा आणि आपलं नाव देऊन या. भाषण मात्र चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका.