देवदत्त, म्हणजेच थिओडोर!

आमच्या बाळाला नाव काय ठेवायचं, या एका प्रश्नावरून घरात दोन आठवडे अबोला होता. खोटं वाटतं? ऐका तर.

बायको पुण्यातल्या ख्रिस्ती घरातली. मी भोर तालुक्यातल्या हिर्डोशीचा. लग्नाच्या वेळी रजिस्ट्रारच्या ऑफिसात सह्या आणि दोन वेगवेगळ्या जेवणावळी, असा सोपा मार्ग सापडला होता. पण नाव काही दोनदा ठेवता येत नाही! सासरेबुवांनी अगदी हळूच सुचवलं, 'तीमथ्य'. म्हणजे इंग्रजीतला टिमथी. दुसऱ्याच दिवशी हिर्डोशीहून आजीचा फोन. "आरं, माझ्या तोंडात बसंल का त्ये? आन् बाटलेलं नाव कशापायी?"

फोन स्पीकरवर होता. बायको काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. प्रॉब्लेम आला की एक्सेल शीट उघडायची, एवढंच येतं. एका कॉलममध्ये 'ख्रिस्ती नावं', दुसऱ्यात 'आपली नावं'. रात्री बाळाला थोपटत वाचायला लागलो आणि पहिलाच कॉलम कोसळला.

कारण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना 'ख्रिस्ती नाव' हा प्रकारच माहीत नव्हता. त्यांची नावं त्यांच्या गल्लीतल्या इतर लोकांसारखीच असायची. बहुतेक ग्रीक, कारण रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात बोलचालीची भाषा तीच. इ.स. ५७ च्या सुमारास पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या शेवटी ज्यांना सलाम सांगितलाय, त्यांत एक आहे हर्मेस. हे तर चक्क ग्रीकांच्या देवाचं नाव! त्याच पत्रात भेटणारी फिबी म्हणजे 'तेजस्वी', आणि ही अर्तेमिस देवीची उपाधी. बाप्तिस्मा झाला म्हणून या लोकांनी नावं बदलली नाहीत.

आणि सासऱ्यांचा तीमथ्य? त्याची आई यहुदी, बाप ग्रीक. म्हणजे आमच्यासारखंच मिश्र घर! नावाचा अर्थ 'देवाला मान देणारा'. पण ख्रिस्ताच्या चारशे वर्षं आधी अथेन्समध्ये याच नावाचा एक सेनापती होऊन गेला होता. कुणी बाटवलं कुणाला?

चित्र बदललं ते हळूहळू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप लिहितात, की श्रद्धावंत आता मुलांना पीटर आणि पॉल अशी नावं ठेवतात. गंमत म्हणजे या बिशपचं स्वतःचं नाव डायोनिसियस. दारूच्या देवावरून पडलेलं! चौथ्या शतकाच्या शेवटी अँटिओकमधले धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम तर पालकांना चक्क झापताना दिसतात. संतांची नावं ठेवायची सोडून लोक दिवे लावायचे, प्रत्येक दिव्याला एक नाव द्यायचे आणि जो सर्वांत जास्त वेळ जळेल त्याचं नाव बाळाला ठेवायचे. बाळाला आयुष्य लाभावं म्हणून. हे वाचलं आणि मला आजी आठवली. तीही हेच करेल.

मग आपल्याकडे काय झालं? नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि 'नेहेम्या' झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण नाव नारायणच राहिलं. खुद्द विष्णूचं! त्यांच्या मुलाचं नाव देवदत्त.

इथे मी थांबलो. देवदत्त, देवाने दिलेला. ग्रीकमध्ये 'थिओस' म्हणजे देव, 'दोरोन' म्हणजे देणगी. थिओडोर! अर्थ तोच, अगदी शब्दाला शब्द. हेही नाव ख्रिस्ताच्या आधीचं. इ.स.पू. सहाव्या शतकात सामोस बेटावर या नावाचा शिल्पकार होता. नंतर ख्रिस्ती लोकांना ते इतकं आवडलं की आज ते त्यांचंच वाटतं.

पहाटे तीनला बायकोला उठवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव छान आहे. पण आजींनी म्हटलं ते तू खोडून काढलं नाहीस. मला त्याचा राग होता, नावाचा नाही."

दोन आठवडे मी भलतीच शीट भरत होतो.

शनिवारी एकटाच निघालो. भोर सोडलं, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने हिर्डोशी. आजीसमोर बसून आधी बायकोचं बोलणं सांगितलं, मग नाव. आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "देवानं दिल्याला. येवढंच ना? मग इतकं वाचाया कशाला लागतंय? आन् सूनबाईला फोन लाव."

बारसं हिर्डोशीलाच झालं. माझ्या बहिणीने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. सासरेबुवांनी पाळण्याशी उभं राहून प्रार्थना म्हटली. आजीने हात जोडले होते. हल्ली ती त्याला 'देवा' म्हणते, सासरे कधीकधी 'थिओ'. तो दोघांनाही हसतो.

तुमच्याही घरात नावावरून वाजत असेल, तर अर्थ जरूर शोधा. पण त्याआधी एकदा विचारा, भांडण नक्की नावावरूनच चाललंय ना?

ओळखीची नावं, ग्रीक अर्थ
फिलिप : घोड्यांवर प्रेम करणारा
जॉर्ज : शेतकरी
स्टीफन : मुकुट
पीटर : खडक
आयरिन : शांती
सोफिया : प्रज्ञा
झोई : जीवन