नाचणारा, गाणारा स्नूपी!

चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतला स्नूपी हा कुत्रा आपल्यातल्या बऱ्याच जणांना टी-शर्टवरून ठाऊक असतो. पण त्याने रंगभूमीही गाजवली आहे. 1967 मध्ये न्यूयॉर्कला ‘यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राउन’ हे संगीत नाटक आलं. गाणी क्लार्क गेस्नरची. अंगभर केसाळ पोशाख न घालता माणसानेच कुत्रा व्हायचं, ही त्यातली खरी गंमत!

स्नूपीचं जेवणाचं गाणं तर चुकवूच नका. वाडगं समोर आल्याबरोबर स्वारी घराच्या छपरावरून उतरते आणि जुन्या वॉडव्हिल (नाच-गाणी-विनोदाच्या खेळांच्या) थाटात नाचत सुटते. त्याचा मालक चार्ली ब्राउन वैतागून सांगतो, बाबा, गुपचूप जेव की! 1999 च्या ब्रॉडवे प्रयोगात स्नूपीच्याच भूमिकेसाठी रॉजर बार्टला टोनी पुरस्कार मिळाला.

1975 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खास स्नूपीच्याच नावाचं संगीत नाटक ‘स्नूपी!!!’ आलं. (उद्गारचिन्हं तीन, बरं का!) त्यात वुडस्टॉक हा पक्षी एक शब्दही बोलत नाही, सगळं काम अंगविक्षेपांवर. मला विचाराल तर तीच भूमिका जास्त अवघड.

मुलांना ऐकवायचं असेल, तर ‘यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राउन’च्या 1999 च्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करा.