साबणाच्या गृहोद्योगासाठी वजनकाटा कसा निवडावा

गंगापूर तालुक्यातील वाळूज हे गाव छत्रपती संभाजीनगर–अहिल्यानगर मार्गावर वसलेले आहे. एकीकडे औद्योगिक वसाहत व तेथील कामगारांची दाट वस्ती, तर दुसरीकडे कपाशी, तूर व बाजरीची शेते, अशी या परिसराची रचना आहे. बांधावरचा कडुनिंब पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्यांनी लगडतो. या निंबोळीचे तेल थोड्या प्रमाणात घालून हाताने साबण तयार करणे हा शेतकरी कुटुंबास, विशेषतः महिला बचत गटांस, शक्य असा जोडधंदा होय. १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज, मोह यांसारख्या अखाद्य तेलांपासून साबण करण्याच्या उद्योगास उत्तेजन दिले, ते याच विचाराने.

या धंद्यात भांडी, साचे व तेल यांची चौकशी सर्वजण करतात. वजनकाट्याची चौकशी मात्र शेवटी होते आणि घरात असेल त्या काट्यावर काम भागविले जाते. वस्तुतः साबणाचा गुण व विक्रीतील सचोटी या दोन्ही गोष्टी काट्यावरच अवलंबून आहेत.

मोजमापातील चूक कोठे भोवते?

तेल व दाहक सोडा (कॉस्टिक सोडा) यांच्या संयोगातून साबण बनतो. प्रत्येक तेलास लागणारा सोडा निराळा असतो. शंभर ग्रॅम खोबरेल तेलास सुमारे १८.३ ग्रॅम, शेंगदाणा तेलास १३.६ ग्रॅम, निंबोळी तेलास १३.९ ग्रॅम व एरंडेल तेलास १२.८ ग्रॅम सोडा पुरतो. सोडा जास्त झाला तर तो साबणात मोकळा राहतो व कातडी भाजते. कमी झाला तर साबण मऊ व तेलकट होतो. म्हणून पूर्ण हिशेबापेक्षा पाच टक्के सोडा कमी घेण्याची रीत आहे.

एक उदाहरण घेऊ. खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४०० ग्रॅम, निंबोळी तेल १०० ग्रॅम व एरंडेल १०० ग्रॅम, असे एक किलो तेल घेतले, तर पूर्ण सोडा १५४.३ ग्रॅम होतो. पाच टक्के वजा जाता १४६.६ ग्रॅम घ्यावयाचा. म्हणजे आपल्या हाती सुरक्षिततेची मुभा पावणेआठ ग्रॅमांची राहिली. आता किराणा दुकानातील पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखविणारा काटा वापरला, तर तो १४५ किंवा १५० दाखवील. त्यातच वापरातील अशा काट्यास या वजनाला पाच ग्रॅमपर्यंत चूक नियमानेच क्षम्य असते. काट्यावर १५० दिसत असता खरा सोडा १५५ ग्रॅम पडू शकतो. सगळी मुभा संपली आणि साबण अंगाला लावण्यास अयोग्य झाला!

नवशिके लोक सावधगिरी म्हणून पाव किलो तेलाचाच घाणा करतात. तेथे ही मुभा जेमतेम दोन ग्रॅमांची उरते. घाणा जितका लहान, तितका काटा बारीक हवा, हे सूत्र पक्के ध्यानात ठेवावे.

तेल लिटरने मोजण्याची सवयही सोडावयास पाहिजे. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. ते सुमारे ९२० ग्रॅम भरते. वरील मिश्रण लिटरने घेऊन सोडा किलोच्या हिशेबाने घातला, तर १४२ ग्रॅमांची गरज असता १४६.६ ग्रॅम सोडा पडेल. पाणीदेखील वजनानेच घ्यावे.

कोणते काटे घ्यावेत?

एकाच काट्यावर सर्व कामे उरकण्याचा मोह टाळावा. दोन काटे असावेत. सोडा व सुगंधी तेले यांसाठी अर्धा किलोच्या आसपास क्षमतेचा व ०.१ ग्रॅमपर्यंत दाखविणारा लहान काटा घ्यावा. तेल, पाणी व तयार वड्या यांसाठी पाच ते दहा किलो क्षमतेचा, एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा पुरेसा होतो. तीस किलोचा मोठा काटा घेण्यात शहाणपण नाही.

काट्यावरील पट्टी खरेदीपूर्वी वाचावी. तीवर कमाल भार, किमान भार, पडताळणीचा टप्पा व अचूकतेचा वर्ग दिलेला असतो. बाजारातील सामान्य काटे तिसऱ्या वर्गाचे असतात व त्यांचा किमान भार टप्प्याच्या वीसपट असतो. म्हणजे पाच ग्रॅमच्या टप्प्याच्या काट्यावर शंभर ग्रॅमखालील वजन करूच नये. पाऊणशे ग्रॅमची वडी तोलण्यास तो काटा निरुपयोगी होय.

रिकाम्या भांड्याचे वजन वजा करण्याची कळ, पातळी दाखविणारा बुडबुडा व वीज गेल्यावर चालणारी बॅटरी या सोयी पाहून घ्याव्यात. दुकानातच शिक्क्याचे शंभर ग्रॅमचे वजन ताटलीच्या मध्यभागी व चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. आकडा बदलत असेल तर तो काटा घेऊ नये.

विक्री आणि कायदा

मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना तोळा, शेर व मणाची भाषा आठवत असेल. १९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. आज २००९ चा वैधमापनशास्त्र अधिनियम लागू आहे. विक्रीसाठी वापरावयाच्या काट्याची पडताळणी व मुद्रांकन झालेले असणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी, तर दांडीचा तराजू व वजने यांची दर २४ महिन्यांनी करून घ्यावी लागते. स्वयंपाकघरासाठी विकले जाणारे स्वस्त काटे या कामी चालत नाहीत. परवानाधारक विक्रेत्याकडूनच काटा घ्यावा व पडताळणीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा. अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन गणले जाते. तो विक्रीसाठी करावयाचा असल्यास अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आधी मिळवावा.

येथे एक अडचण येते. हाताने केलेला साबण चार ते सहा आठवडे वाळतो व त्याचे वजन घटते. शंभर ग्रॅमची ओली वडी शंभर ग्रॅमची राहत नाही. म्हणून प्रत्येक घाण्यातील चार-पाच वड्यांवर खूण करून त्यांचे वजन दर आठवड्यास वहीत लिहावे. घट थांबल्यावरच वेष्टन करावे आणि किती घट आली ते पाहून पुढील वड्या त्या मानाने जड कापाव्यात. नियमांनी शंभर ग्रॅमच्या नगास साडेचार ग्रॅमपर्यंत तूट क्षम्य मानली असली, तरी नगांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये. ही सवलत नफ्याचे साधन नव्हे.

काट्याची निगा

काटा सपाट, भक्कम जागी व वाऱ्यापासून दूर ठेवावा. सुरू करून काही वेळाने वजन करावे. सोड्याचे कण ताटली खातात, म्हणून सोडा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात तोलावा. ॲल्युमिनियमचे भांडे कदापि घेऊ नये. सोड्याची बरणी घट्ट बंद ठेवावी. उघडा सोडा हवेतील ओल शोषतो व मग वजन बरोबर असूनही माप चुकते. हातमोजे व चष्मा घालून सोडाच पाण्यात थोडा थोडा टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटास साबणाची कृती शिकविण्यापूर्वी काटा वाचावयास व तपासावयास शिकवावे. दोन काट्यांचा खर्च एका गटास जड वाटल्यास दोन-तीन गटांनी मिळून लहान काटा घ्यावा. वाळूजच्या बाजारात गिऱ्हाईक एकदा सुगंधासाठी साबण घेईल. पुन्हा येईल ते अंगाला न झोंबणाऱ्या व वजनाला पुऱ्या भरणाऱ्या वडीसाठी.