पदकाच्या कडेवरचे नाव

भोपाळच्या जुन्या चौक बाजारात सोन्यारुप्याच्या पेढ्यांची दाटी आहे. एका धार्मिक सभेच्या निमित्ताने त्या शहरी गेलो असता अशाच एका पेढीवर आम्ही अंमळ टेकलो होतो. पुढ्यात मोडीत आलेली चांदी पडली होती: तुटके पैंजण, वाकलेल्या वाट्या, चेपलेली अत्तरदाणी. त्या ढिगात जुन्या रुपयाहून मोठे असे एक गोल नाणे दिसले. हाती घेतले तो ते नाणे नव्हे, पदक! एका अंगास पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक. दुसऱ्या अंगास घोडेस्वार, आणि १९१४ व १९१८ ही दोन साले. पेढीवाल्याने ते काट्यावर टाकले, त्या दिवसाचा चांदीचा भाव लावला आणि किंमत सांगितली. ती आम्ही दिली.

तो घोडेस्वार आमच्या वाचकांना ओळखीचा वाटावा, कारण तो संत जॉर्ज होय. आपल्या देवळांतील चित्रांत त्याच्या घोड्याच्या टापांखाली अजगर असतो. येथे शत्रूचे गरुडचिन्ह असलेली ढाल आणि मानवी कवटी आहे. पण आमचे लक्ष होते कडेकडे. पदक आडवे धरून भिंगातून पाहिले तेव्हा कडेवर ठसविलेली अक्षरे उमटली. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, आणि शेवटी ९ वी भोपाळ इन्फन्ट्री.

धर्मगुरूने युद्धाची चिन्हे कशास जमवावीत, असे आम्हास पुष्कळदा विचारण्यात येते, व तो प्रश्न रास्त आहे. युद्धाच्या प्रीतीने आम्ही ती जमवीत नाही. कडेवरील नावांसाठी जमवितो. १८३० साली पॅरिस येथे संत कॅथरिन लाबूरे हिला पवित्र मरियेचे दर्शन झाले व १८३२ पासून चमत्कारी पदके पाडली जाऊ लागली. ती तुमच्या आमच्या गळ्यात सारखीच असतात, त्यांवर कोणाचे नाव नसते. आईला लेकरांची नावे लिहून ठेवावी लागत नाहीत. सरकारला लागतात.

या छंदात ज्याचा त्याचा मार्ग निराळा. कोणी एका देशाची पदके जमवितो, कोणी एका पलटणीची, कोणी केवळ नागरी सन्मानांची. माल्टा या कॅथलिक बेटाला तर १९४२ साली सबंध बेट म्हणून जॉर्ज क्रॉस मिळाला, आणि तो आजही त्याच्या निशाणावर आहे. भोपाळचा मान याहून जुना. 'स्टार ऑफ इंडिया' हा सन्मान १८६१ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी तो भोपाळच्या सिकंदर बेगम यांना देण्यात आला. परंतु राजघराण्यांच्या सन्मानांची नोंद दरबारी कागदांत राहते. त्यांच्यासाठी कोणास डोळे शिणवावे लागत नाहीत. शिपायाचे तसे नाही.

भोपाळची ही पलटण १८५९ साली सीहोर येथे उभी राहिली व १९०३ पासून ९ वी भोपाळ इन्फन्ट्री म्हणून ओळखली जाऊ लागली. १९१४ च्या ऑक्टोबरअखेरीस फ्रान्समधील नव शापेल गावी तिची भयंकर हानी झाली. पुढे ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढली. तिच्यात शीख, रजपूत, ब्राह्मण व मुसलमान असे शिपाई होते. म्हणून कडेवर भोपाळ वाचून कोणी शिपायाचे घर भोपाळात शोधू नये! याच पलटणीचे छत्ता सिंग हे कानपूर जिल्ह्यातले. १३ जानेवारी १९१६ रोजी वादीच्या लढाईत त्यांचा कमांडिंग ऑफिसर उघड्या मैदानात जखमी होऊन पडला. छत्ता सिंग पुढे गेले, त्यांनी जखम बांधली, आणि गोळ्यांच्या वर्षावात हातातील लहानशा हत्याराने माती खणून त्याच्यासाठी आडोसा केला. मग उघड्या बाजूस स्वतःचे शरीर आड घालून पाच तास ते तेथेच राहिले. अंधार पडल्यावर मदत आणून त्यांनी ऑफिसरला सुरक्षित जागी नेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायांना तो १९११ पूर्वी मिळूच शकत नसे. हा प्रसंग आम्ही प्रवचनात दोन वेळा सांगितला आहे, आणि दोन्ही वेळा देवळात खोकलासुद्धा ऐकू आला नाही.

आमच्या शिपायाचा शोध आम्ही मृतांच्या याद्यांपासून सुरू केला. नव शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर बेपत्ता झालेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. बसरा येथील १९२९ च्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांचीच नावे घातली. साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली. इतके गेले, एवढेच. हा अन्याय होता, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तोफखान्याजवळ मरताना कोणी संख्या म्हणून मरत नाही. ज्यांचे नाव दगडावर चढले नाही, त्यांतील कित्येकांचे ते पदकाच्या कडेवर आहे. हेच पदक रुप्याचे सुमारे ६५ लाख पाडले गेले, आणि कांस्याचे सुमारे १ लाख १० हजार. कांस्याचे कोणासाठी? चिनी, माल्टी व हिंदी मजूर-पथकांतील माणसांसाठी. ओझे वाहणाऱ्याला हलका धातू! तरी संग्राहकांना आज कांस्याचेच पदक दुर्मीळ वाटते.

रुप्याचे वैर रुपेच करते. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा देशोदेशी अशी असंख्य पदके मुशीत गेली, आणि त्यांच्यासोबत नावेही. काही ठिकाणी जुनी नावे घासून नवी ठसविण्याचा लबाडपणाही चालतो. कड एके ठिकाणी पातळ लागली की खुशाल संशय घ्यावा.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचे पदक ट्रंकेत असेल तर त्याला चिंच लावून लख्ख करू नका. घासल्याने अक्षरे झिजतात. कडेवरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवा. सोबतचे कागद, फीत, मोडका हूक, काहीही टाकू नका. दोन भावांत वाटणी करताना एकाला एक व दुसऱ्याला दुसरे पदक देऊ नका. जोडी फुटली की माणसाची गोष्ट अर्धी होते. आणि गिऱ्हाईक परदेशचे असेल तर हेही ध्यानात ठेवा, की १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आमच्या शिपायाचे नाव मृतांच्या याद्यांत सापडले नाही. तो घरी परतला असावा, असे आम्ही धरून चाललो आहो. २०२१ साली लाहोर संग्रहालयातील पंजाबी सैनिकांच्या नोंदवह्या अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या. त्यांत त्या नावाची तीन माणसे निघाली, तीन वेगळ्या गावांची. क्रमांक अद्याप जुळलेला नाही. म्हणून त्याचे नाव येथे छापलेले नाही. ते प्रथम त्याच्या घरी वाचले जावे. पदक आमच्या टेबलाच्या खणात कापडात गुंडाळलेले आहे, आणि तिसऱ्या गावी पाठविलेल्या पत्राचे उत्तर यावयाचे आहे.