हिब्रू धर्मग्रंथांतील मूर्ती आणि भरवशाचा प्रश्न

हिब्रू धर्मग्रंथांतील मूर्तिखंडन म्हणजे केवळ प्रतिमांचा निषेध, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः तेथील मुख्य प्रश्न भरवशाचा आहे. मूर्तीसाठी यिर्मया ‘हेवेल’ हा शब्द योजतो. त्याचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ. म्हणजे दिसते, पण धरायला गेल्यास हाती लागत नाही.

यशयाच्या ४४ व्या अध्यायातील सुताराचे चित्र प्रसिद्ध आहे. एकाच झाडाचे अर्धे लाकूड जाळून तो भाकरी भाजतो, ऊब घेतो. उरलेल्या ओंडक्याचा देव घडवून त्याच्याकडेच रक्षणाची याचना करतो. यिर्मया (अध्याय १०) मूर्तीला काकडीच्या मळ्यातील बुजगावण्याची उपमा देतो.

हा उपहास आहे, आणि उपहास प्रतिपक्षाला पूर्ण न्याय देत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. बाबिलोनी पुरोहित निव्वळ लाकडाला देव मानीत नव्हते. ‘मीस पी’ म्हणजे मुखप्रक्षालन या विधीने मूर्तीत देवत्व जागे होते, अशी त्यांची धारणा होती. त्या विधीत कारागीर, ही मूर्ती आपण घडविलीच नाही, असे शपथेवर सांगत. यशयाचा घाव नेमका याच जागी बसतो. तो कारागिराचा हातोडा दाखवतो, त्याची भूक दाखवतो, त्याचा थकवाही दाखवतो.

४६ व्या अध्यायात बेल (म्हणजेच मर्दुक) आणि नबो हे बाबिलोनचे देव थकलेल्या जनावरांच्या पाठीवरचे ओझे होतात. इराणचा सम्राट कुरुश इ.स.पू. ५३९ मध्ये चालून आला, तेव्हा राजा नबोनिदसने इतर नगरांतील मूर्ती राजधानीत आणवल्या होत्या. राजधानी तरीही पडली. गंमत अशी, की कुरुशाच्या मृत्तिकालेखात विजयाचे श्रेय मर्दुकलाच आहे, तर यशयाच्या ४५ व्या अध्यायात तोच कुरुश इस्राएलच्या परमेश्वराचा अभिषिक्त ठरतो.

तथापि ही टीका परक्यांपुरती नाही. मोशेने घडविलेल्या पितळी सर्पाला लोक धूप जाळू लागले, तेव्हा राजा हिज्कीयाने तो फोडून टाकला. मिसरच्या घोड्यांवर आणि रथांवर विसंबणाऱ्यांनाही यशया (अध्याय ३१) फटकारतो. यिर्मया तर सातव्या अध्यायात थेट यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहतो. परक्यावर, अनाथावर, विधवेवर जुलूम करायचा आणि ‘हे परमेश्वराचे मंदिर’ एवढ्या शब्दांवर निर्धास्त राहायचे, हा भरवसाही त्याच्या लेखी फोलच. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने ते मंदिर जाळले.