कपाटामागचं पिल्लू आणि भीतीचं घड्याळ

मे महिन्यातली दुपार. जालन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला, गल्लीत चिटपाखरू नाही. घरात दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू कालच आलेलं. कुकरची शिट्टी होते, पोरं ओरडतात आणि पिल्लू सटकन लोखंडी कपाटामागे शिरतं. कपाट आणि भिंत यांत जेमतेम चार बोटांची फट. मग घरातला प्रत्येक जण आपापली युक्ती लढवतो. कुणी झाडूचा दांडा आत घालतं, कुणी बॅटरीचा झोत टाकतं, कुणी दुधाची वाटी पुढे करून ‘मनी, मनी’ करत बसतं. कपाट सरकवायला शेजारचे काका येतात. अर्ध्या तासानं सगळे घामाघूम आणि पिल्लू आणखी आत.

मांजर पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक घरानं हा प्रसंग पाहिलेला असतो. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो. चूक होते ती क्रमात. पिल्लाला बाहेर काढायची घाई आपल्याला असते, पण बाहेर यायची वेळ त्याचं शरीर ठरवतं. ती वेळ कशी ठरते हे शरीरशास्त्रानं शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे, आणि तेही मांजरांवरच्याच प्रयोगांतून.

फटीत एवढं काय असतं?

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत कणगीभोवती आणि बळदाच्या तोंडाशी मांजर का घुटमळायचं, याचं उत्तर या इतिहासात आहे. पण ही शिकारी जात अंगानं लहान. उंदीर तिचं भक्ष्य, तसं कोल्हा-कुत्र्यांचं भक्ष्य ती स्वतः. म्हणून दबा धरणं आणि दडून बसणं ही दोन्ही कौशल्यं तिच्यात सारखीच मुरलेली असतात.

शरीरही त्याला साजेसं. माणसाचं गळपट्टीचं हाड खांद्याला घट्ट जोडलेलं असतं. मांजराचं अगदी छोटं, स्नायूंत नुसतं रुतलेलं. त्यामुळे खांदे आक्रसतात आणि डोकं मावलं की बहुतेक वेळा अंगही मावतं. वाट किती रुंद आहे याचा अंदाज मिशांच्या मुळांशी असलेल्या मज्जातंतूंना अंधारातही येतो. आपला हात जिथं अडकतो तिथं मांजर सहज वळून बसतं, ते यामुळे.

लपणं म्हणजे हट्ट नव्हे, तो उपचार आहे. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निवाराघरात नव्यानं आलेल्या 19 मांजरांपैकी 10 जणांना लपायला खोकं दिलं, 9 जणांना दिलं नाही. खोकं मिळालेल्या मांजरांवरचा ताण पहिल्या काही दिवसांतच इतरांपेक्षा ठळकपणे कमी झाला. लपायला जागा मिळालेलं मांजर लवकर सावरतं, हा त्याचा अर्थ. कपाटामागे गेलेलं पिल्लू स्वतःला सावरण्याचंच काम करत असतं.

भुकेलं पिल्लूही दुधाकडे का बघत नाही?

हार्वर्डमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांच्या पचनाचा अभ्यास करत होते. क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता. अन्नात बिस्मथचा क्षार मिसळून ते मांजराला खाऊ घालत आणि जठराच्या लाटांसारख्या हालचाली पडद्यावर पाहत. मांजर बिथरलं, चिडलं की या लाटा एकाएकी थांबतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे 1911 मध्ये त्यांनी आणि डॅनियल दे ला पाझ यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथींचा स्राव उतरतो हे दाखवलं. हा स्राव म्हणजे ॲड्रेनॅलिन. धोका दिसताच शरीर ‘लढा किंवा पळा’ या तयारीला लागतं, ही आज शाळेत शिकवली जाणारी कल्पना कॅनन यांनी 1915 च्या त्यांच्या ग्रंथात मांडली.

आता कपाटामागच्या पिल्लाकडे बघा. त्याचं हृदय धडधडतंय, रक्त स्नायूंकडे वळलंय आणि जठर थांबलंय. अशा वेळी समोर दूध ठेवा की मासळी, भुकेची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आमिष चुकीचं नसतं, वेळ चुकलेली असते.

ॲड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरतं. पण त्याच्या मागोमाग येणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तासभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतं. म्हणजे धोका टळल्यावरही शरीराला ते पटायला वेळ लागतो. आणि दर पाच मिनिटांनी आपण दांडा आत घातला, तर हे घड्याळ दर पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अर्ध्या तासाची धडपड फुकट जाते ती इथे.

अंतराचं गणित

कोंडून मारलं तर मांजरही वाघ होतं, असं आपल्याकडे म्हणतात. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी गेल्या शतकात हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. त्यांचं म्हणणं असं की, प्रत्येक प्राण्याभोवती दोन अदृश्य रेषा असतात. पहिली ओलांडली की प्राणी पळतो. पळायला वाट नसेल आणि आपण दुसरी, आतली रेषाही ओलांडली, तर तो अंगावर येतो. कपाटामागच्या फटीत मागे भिंत आणि पुढे आपला हात. पिल्लू चावतं ते रागानं नव्हे. दुसरा पर्याय आपणच त्याला ठेवलेला नसतो.

विहिरीत पडलेला बिबट्या वाचवतानाही हाच नियम पाळतात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर परिसरात असे प्रसंग अनेकदा येतात. विहिरीत शिडी किंवा दोरांना बांधलेली बाज सोडली जाते, त्याला टेकायला जागा मिळते. पण त्यासाठी आधी एक काम करावं लागतं, काठावरची गर्दी हटवणं. माणसं ओरडत असेपर्यंत बिबट्या शिडीकडे फिरकत नाही. बिबट्याला जे लागतं तेच मांजराच्या पिल्लालाही लागतं, वाट आणि शांतता.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी माणसं कमी करा. खोलीत एकच जण थांबू द्या, पिल्लाला त्यातल्या त्यात ओळखीचा असलेला. टीव्ही, मिक्सर बंद. मांजराला ऐकू येणारा आवाज सुमारे 85 किलोहर्ट्झपर्यंत जातो; माणसाची मर्यादा 20 किलोहर्ट्झ. आपल्याला किरकोळ वाटणारी खडखड त्याला मोठी असू शकते. फ्रिज किंवा कूलरच्या मागे-आत पिल्लू गेलं असेल तर आधी प्लग काढा, मग बाकीचं.

बॅटरीचा उपयोग शोधण्यापुरता. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधारात दोन हिरवट ठिपके चमकतात. ते दिसले की बॅटरी विझवा. कपाट ओढू नका. घाबरलेलं पिल्लू नेमकं सरकत्या बाजूला पळतं आणि चेंगरतं. फटीचं एक तोंड चादरीची गुंडाळी लावून बंद करा, दुसरं मोकळं ठेवा. त्या मोकळ्या तोंडाशी आडवं खोकं ठेवा आणि त्यात पिल्लू झोपायचं ते फडकं घाला. एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जाणं त्याला सोपं वाटतं. उघड्या फरशीवर येणं अवघड.

अन्न ठेवायचं ते अर्ध्या-एक तासानं. गोडाचा काही उपयोग नाही, कारण गोड चव ओळखणारा जनुकच मांजरात निकामी झालेला आहे. 2005 मध्ये हे सिद्ध झालं. मांजर येतं ते मांसाच्या वासावर. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे किंवा भिजवलेली सुकट किंचित कोमट करून ठेवा. ऊब लागली की वास पसरतो. मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते मांजराला विषारी आहेत.

मग जमिनीवर बसा, पिल्लाकडे थोडं तिरकं. हळू आवाजात नावानं हाक मारा आणि गप्प राहा. उत्तर आलं नाही म्हणून ओळखलं नाही असं नव्हे. जपानमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये 20 मांजरांना मालकाचा आणि परक्यांचा आवाज ऐकवला. मालकाचा आवाज मांजरांनी ओळखला, कान आणि मान वळवली; जागची मात्र फारशी कुणी हलली नाहीत. नजरेला नजर भिडली तर डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांच्या 2020 मधल्या अभ्यासात, असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे मांजरं अधिक वेळा आली.

मांजर घराबाहेर सटकलं असेल तरी हेच तत्त्व. हरवलेल्या 1,210 मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश घरापासून 500 मीटरच्या आत होती. तेव्हा लांब धावण्याआधी शेजारचा जिना, गच्चीवरची अडगळ, उभ्या गाडीखालची जागा तपासा. थंडीत गाडी चालू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्याची सवय लावून घ्या. उबेसाठी मांजर इंजिनाजवळ जाऊन बसतं.

ससा, हॅमस्टर, पक्षी

हरवलेला हॅमस्टर रात्री हिंडतो. झोपण्यापूर्वी दारांशी पिठाचा पातळ थर पसरा, सकाळी पावलांवरून खोली कळते. मग पुढच्या रात्री एका बादलीत मऊ कापड आणि शेंगदाणे ठेवा आणि बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या रचा. तो वर चढून आत उतरतो, पण बादलीच्या गुळगुळीत भिंतीवरून परत वर येऊ शकत नाही.

सशाला कानाला किंवा पायाला धरून ओढू नका. त्याचा कणा नाजूक आणि मागचे पाय ताकदवान. झटका बसून कणा मोडू शकतो. कोथिंबिरीची जुडी समोर ठेवून बसणं हेच बरं. बजरीगर पक्षी कपाटामागे गेला तर पहिल्यांदा छताचा पंखा बंद करा, मग पडदे लावून खोली अंधारी करा. अंधारात तो उडत नाही आणि मऊ फडक्यात अलगद घेता येतो.

हात घालण्याआधी

गावाकडे पिल्लू कपाटामागे नाही तर पऱ्हाटीच्या ढिगात, कडब्याच्या गंजीत, सरपणात शिरतं. अशाच जागी उंदीर असतात आणि उंदरांमागे ‘लांबडं’ही येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांना असा आडोसा आवडतो. तिथं हात घालायचा नाही, पोरांना तर घालूच द्यायचा नाही. साप दिसला तर लांब व्हा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

पिल्लू चावलं किंवा ओरबाडलं तर ‘आपलंच मांजर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नका.

थांबण्यालाही मर्यादा असते. चार आठवड्यांहून लहान पिल्लाला दर काही तासांनी दूध लागतं. त्याच्या बाबतीत रात्रभर वाट पाहणं धोक्याचं. मांजरी जवळपास असेल तर तिला तिथं मोकळं सोडा, पिल्लाच्या ओरडण्यावर तीच सगळ्यांच्या आधी पोचते. मोठ्या मांजरानं दिवसभर काहीच खाल्लं नाही, ससा निम्मा दिवस उपाशी राहिला, किंवा मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं, तर पशुवैद्यकाला बोलवा. कूलरच्या पत्र्यात किंवा पाइपमध्ये प्राणी खरोखर अडकला असेल, तर तिथं वाट पाहण्यात अर्थ नाही, पत्रा खोलावाच लागतो.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात जयदेववाडीला जाळीचा देव हे महानुभावांचं तीर्थस्थान आहे. तिथल्या जाळीत चक्रधरस्वामींनी वाघाच्या पिल्लांना खेळवलं, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ज्याच्यापासून भय नाही त्याच्याजवळ रानातलं पिल्लूही येतं, ही जाण या जिल्ह्याच्या मातीत कित्येक शतकांपासून आहे. प्रयोगशाळांनी तिच्यामागचं रसायन दाखवलं, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी पिल्लू कपाटामागे शिरलं, तर झाडू भिंतीला टेकवून ठेवा. पोरांना दुसऱ्या खोलीत न्या, खोकं ठेवा आणि घड्याळ बघून एक तास थांबा. बहुतेक वेळा तेवढा तास पुरतो. पोरांना मात्र तुम्ही का थांबलात ते नीट समजावून सांगा. भेदरलेल्या जिवाला वेळ द्यायचा असतो, हे त्यांना आपल्या घरातच शिकता येईल.